आमदारांना निवेदन दिले, पुढे काय? शाळेच्या निधीचा प्रश्न विधिमंडळापर्यंत नेताना

नमस्कार ताई,

आपला प्रश्न वाचला. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या आपण अध्यक्ष आहात. शाळा पहिली ते सातवीची असून पट ११२ आहे, मंजूर शिक्षक पाच आणि प्रत्यक्षात तीन आहेत, आणि चारपैकी दोन वर्गखोल्या पावसाळ्यात वापरता येत नाहीत. लोकप्रतिनिधींना वारंवार निवेदने देऊनही काही हलले नाही, म्हणून ‘हा विषय विधानसभेत मांडला जावा आणि निधी मिळावा यासाठी नेमके काय करावे’ असे आपण विचारता. मराठवाड्यातील शाळा समित्यांसोबत आणि काही विधिमंडळ सदस्यांसाठी शिक्षणविषयक प्रश्नांचे मसुदे तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आपल्या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते आधी सुटे केले पाहिजेत. विधिमंडळ कोणत्याही एका शाळेला पैसे देत नाही. ते लेखाशीर्षांखालील (अर्थसंकल्पातील खर्चाच्या ठरलेल्या शीर्षांखालील) तरतुदींना मंजुरी देते, कायदे करते आणि मंत्र्यांकडून उत्तर घेते. दोन खोल्यांचा निधी बहुतांशी जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा समग्र शिक्षा अभियानातून येतो, म्हणजे त्याचा निर्णय जिल्ह्यात आणि प्रशासनाच्या साखळीत होतो. शिक्षकांची पदे किती मंजूर करायची आणि रिक्त पदे कधी भरायची, हे मात्र राज्याच्या धोरणावर अवलंबून आहे. निवेदनात दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या, की ते निवेदन ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवले जाते आणि तिथेच थांबते.

प्रथम खोल्यांविषयी. आपल्या खोल्या पडक्या आहेत हे गावाला दिसते, पण शासनाला फक्त नोंद दिसते. मुख्याध्यापक दरवर्षी यू-डायस प्लस प्रणालीत शाळेची माहिती भरतात आणि त्यात प्रत्येक वर्गखोलीची स्थिती चांगली, किरकोळ दुरुस्तीची किंवा मोठ्या दुरुस्तीची अशी नोंदवावी लागते. मागील वर्षाची माहिती तशीच पुढे नेल्यामुळे गळक्या खोल्या ‘चांगल्या’ म्हणून नोंदल्या गेल्याचे मी अनेक शाळांत पाहिले आहे. अशी नोंद असेल तर आपल्या आमदारांनी कितीही पोटतिडकीने विषय मांडला तरी मंत्र्यांच्या हातातील टिपणी त्यांच्या विरोधात जाईल. म्हणून समितीच्या पुढच्याच बैठकीत यू-डायसची प्रत मागून ती खोलीनिहाय वाचावी आणि चूक असल्यास ठराव करून दुरुस्त करून घ्यावी.

दुसरी अडचण निर्लेखनाची, म्हणजे निकामी खोली शासकीय नोंदीतून अधिकृतपणे काढून टाकण्याची आहे. खोली धोकादायक झाली तरी बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचा अहवाल आणि त्यावर जिल्हा परिषदेची निर्लेखनास मंजुरी मिळेपर्यंत ती कागदावर उभीच असते. कागदावर चार खोल्या असताना नवीन दोन कशासाठी हव्यात, असा शेरा येतो आणि प्रस्ताव परत जातो. निर्लेखनाचा प्रस्ताव गेला आहे का, गेला असल्यास तो पंचायत समितीत आहे की जिल्हा परिषदेत, हे जावक क्रमांकासह शोधून काढावे. उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. त्यात तक्रार लिहू नये, केवळ कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात. इमारत निजामकाळातील असेल तर तेही बांधकामाच्या वर्षासह नोंदवावे, कारण निजामकालीन शाळा इमारतींचा प्रश्न मराठवाड्यासाठी स्वतंत्रपणे मांडला गेला आहे आणि त्याच्याशी आपली मागणी जोडता येते.

आता ज्या कागदाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याविषयी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार आपली समिती स्थापन झाली आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कलम २२ सांगते की समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा आणि तो आराखडाच शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा व अनुदानाचा आधार असेल. म्हणजे गावातील पालकांनी लिहिलेल्या कागदाला संसदेने निधीच्या संदर्भात कायदेशीर स्थान दिले आहे. प्रत्यक्षात बहुतेक आराखडे एकाच नमुन्यावरून उतरवलेले असतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण निवेदन म्हणजे विनंती असते, तर आराखड्याच्या आधारे केलेली मागणी कायद्याचा संदर्भ घेऊन उभी राहते. आपला आराखडा नव्याने लिहा. त्यात खोल्या, स्वच्छतागृह, पाणी, वीजबिल आणि शिक्षक यांची वर्षनिहाय गरज मांडा, ठरावासह त्याची पोच घ्या आणि यापुढील प्रत्येक पत्रात त्या ठरावाचा क्रमांक व दिनांक लिहा.

शिक्षकांचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवावा लागतो. इथे ‘पद मंजूर नाही’ आणि ‘पद मंजूर आहे पण रिक्त आहे’ यांतील फरक महत्त्वाचा आहे. आपली पाच पदे मंजूर आहेत, म्हणजे आपली बाजू भक्कम आहे. अधिनियमाच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक आणि सहावीपासून पुढे प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक लागतो, तर कलम २६ म्हणते की कोणत्याही शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत. पाचपैकी दोन पदे रिक्त म्हणजे ४० टक्के. हे एकच वाक्य आपल्या निवेदनातील दोन पानांपेक्षा अधिक काम करील.

परंतु मंजूर पदे पुढच्या वर्षीही तशीच राहतील असे गृहीत धरू नका. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळतील हे ठरवणारी मान्यता, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि अलीकडे त्यासाठी ज्यांचे आधार वैध ठरले आहे तेच विद्यार्थी धरले जातात. नावातील एका अक्षराचा किंवा जन्मतारखेचा फरक असला तरी मूल वर्गात बसलेले असूनही मान्यतेत मोजले जात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले यात सर्वाधिक गळतात, कारण दुरुस्तीची वेळ येते तेव्हा ती कारखान्याच्या तळावर असतात. म्हणून पालक तोडीवर जाण्यापूर्वी, म्हणजे पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंतच्या काळात, हे काम समितीने अंगावर घ्यावे. याशिवाय १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले आणि लहान पटाच्या उच्च प्राथमिक वर्गांची पदे जातील अशी भीती राज्यभरातून व्यक्त झाली. आपल्या सहावी-सातवीचा पट कमी असेल तर हा धोका आपल्यालाही आहे.

विधिमंडळाचे खरे महत्त्व इथे सुरू होते. शाळांविषयीचे बहुतेक धोरण आपल्याकडे शासन निर्णयांनी ठरते आणि शासन निर्णय मंजुरीसाठी सभागृहापुढे येत नाही. कोणा सदस्याने प्रश्न विचारला तरच त्याची चर्चा होते. त्यामुळे सदस्यांना विचारण्यासारखा प्रश्न तयार करून देणे हे आपले काम आहे.

एका शाळेचा प्रश्न सहसा जिल्हा पातळीवरचा समजला जातो. तालुक्यातील तीस-चाळीस शाळांचा तोच प्रश्न असेल तर तो धोरणाचा प्रश्न होतो. आपल्या केंद्रातील (जवळपासच्या शाळांच्या गटातील) आणि शेजारच्या केंद्रांतील समित्यांच्या अध्यक्षांना एकत्र बसवा आणि एका पानाचा तक्ता करा. शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक, पट, मंजूर पदे, कार्यरत पदे, एकूण खोल्या, मोठ्या दुरुस्तीच्या खोल्या आणि निर्लेखन प्रस्तावाची तारीख एवढेच रकाने ठेवा. प्रत्येक आकडा शासनाच्या नोंदीतूनच घ्या. आपण स्वतः मोजलेला आकडा अधिक खरा असू शकतो, पण सभागृहात शासनाच्या आकड्याचे खंडन शासनाला करता येत नाही, ही त्याची ताकद आहे.

या रीतीचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारच्याच हिशेबावरून दाखवले की शिक्षणावर माणशी फक्त १४ आणे खर्च होतात, तर अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी मांडले. त्याआधी १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, शेतकऱ्यांच्या घामातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शाळा उपेक्षित राहतात, असे सांगितले होते. पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे दोघांनीही आधी दाखवले. आपला एक पानी तक्ता त्याच परंपरेतला आहे असे समजून तो काळजीपूर्वक करा.

तक्ता तयार झाला की प्रश्नाचा मसुदा. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाची, भाषा ठरलेली असते. साधारण असे लिहावे: ‘अमुक तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांमधील अनेक वर्गखोल्या मोठ्या दुरुस्तीच्या म्हणून नोंदवल्या गेल्या असूनही त्यांची दुरुस्ती अथवा पुनर्बांधणी झालेली नाही, हे खरे आहे काय; असल्यास, यांपैकी किती खोल्यांच्या निर्लेखनास मंजुरी देण्यात आली आहे; त्यासाठी चालू आर्थिक वर्षात किती निधीची तरतूद करण्यात आली, त्यापैकी किती निधी वितरित झाला व किती खर्च झाला; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ पहिल्या भागात जाणीवपूर्वक ‘अनेक’ लिहिले आहे. तिथे ४५ लिहिले आणि नोंदीत ४३ निघाल्या तर ‘हे खरे नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि त्यापुढील प्रत्येक भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहून येते. नेमका आकडा शासनाकडून वदवून घ्यावा. तरतूद, वितरण आणि खर्च हे तीन शब्द वेगवेगळे विचारणेही आवश्यक आहे, कारण अर्थसंकल्पात दिसणारी रक्कम पूर्ण वितरित होतेच असे नाही, आणि वितरित झालेली रक्कम उशिरा आली तर मार्चअखेर अखर्चित राहून परत जाते.

प्रश्न पुकारला जाईल की नाही याची खात्री नसते. स्वीकृतीचा अधिकार अध्यक्षांचा असतो आणि प्रश्नोत्तरांच्या तासात मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात. तरीही त्याचा परिणाम होतो. कार्यालयीन भाषेत ‘एलएक्यू’ (विधानसभेतील प्रश्न) आला की मंत्रालयातून शिक्षण संचालनालय, उपसंचालक, शिक्षणाधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी अशी माहिती तातडीने मागवली जाते आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेला निर्लेखनाचा प्रस्ताव त्या गडबडीत पुढे सरकतो. ‘प्रस्ताव प्रलंबित आहे’ असे सभागृहात लिहून देण्यापेक्षा ‘मंजुरी देण्यात आली आहे’ असे लिहिणे प्रत्येक अधिकाऱ्याला बरे वाटते. माझ्या अनुभवात शाळांची बरीच कामे उत्तर छापले जाण्यापूर्वीच मार्गी लागली आहेत. आणि छापील उत्तर मिळाले तर तो शासनाने दिलेला अधिकृत दस्तऐवज असतो. तो पुढील प्रत्येक पत्राला जोडता येतो.

कोणत्या सदस्याकडे जावे, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. आपले आमदार सत्ताधारी पक्षाचे असतील तर जाहीरपणे सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न ते टाळतील, पण पालकमंत्र्यांकडे आणि जिल्हा नियोजन समितीत त्यांचे वजन असते, म्हणून खोल्यांचा निधी त्यांच्यामार्फत मागावा. विरोधी पक्षाचे असतील तर लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा किंवा नियम २९३ अन्वये होणाऱ्या चर्चेत त्यांना आपली माहिती उपयोगी पडते. विधानसभेत मराठवाड्याचे ४६ सदस्य आहेत, आणि शेजारच्या मतदारसंघातील सदस्यालाही हा प्रश्न विचारता येतो. विधान परिषदेलाही विसरू नका. मात्र एक बारकावा लक्षात घ्यावा. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक व त्यावरील स्तरावरील शिक्षकच मतदार असतात. प्राथमिक शाळांच्या शिक्षकांना तिथे मत नसते. त्यामुळे जिल्हा परिषद प्राथमिक शाळांचा विषय तिथे आपोआप अग्रक्रमावर येईल असे नाही. पदवीधर मतदारसंघ मात्र मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा आहे आणि त्यात नोंदणी केलेला कोणताही पात्र पदवीधर मत देतो. आपल्या गावातील पदवीधर तरुण नोंदणीकृत मतदार असतील तर त्यांच्या सह्यांचे पत्र त्या सदस्यांना द्यावे.

वेळेचे गणित सगळ्यांत जास्त चुकते. लोक मार्चमध्ये अर्थसंकल्प वाचल्यावर मागणी करतात, तेव्हा आकडे ठरून गेलेले असतात. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा दिवाळीच्या आसपास आकार घेऊ लागतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरीय बैठकीत त्याची मर्यादा पक्की होते. समग्र शिक्षेचे वार्षिक अंदाजपत्रकही यू-डायसच्या आकड्यांवर आधीच तयार होते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात आराखडा आणि तक्ता, ऑक्टोबरात जिल्हा परिषद व जिल्हा नियोजन समितीकडे मागणी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी त्याच्या बऱ्याच आधी प्रश्नाचा मसुदा आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात शालेय शिक्षण विभागाच्या मागण्यांवरील चर्चेसाठी सदस्यांच्या हाती एक पान, असा क्रम ठेवावा. अधिवेशनांत पुरवणी मागण्याही (वर्षाच्या मध्येच जादा निधीसाठी मांडलेल्या मागण्या) येतात. एखादी योजना जाहीर झाली पण तिला पैसे मिळाले नसतील तर पुरवणी मागणीची वेळ साधता येते. निवडणुकीची आचारसंहिता मध्ये आली तर हे सर्व वेळापत्रक पुढे ढकलले जाते, एवढे गृहीत धरा.

मराठवाड्याच्या अनुशेषाचा मुद्दा कसा मांडावा, असेही आपण विचारले आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीच्या अहवालापर्यंत प्रादेशिक असमतोलाची मोजणी अधिकृतपणे झाली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि असमतोल दरवर्षी मांडण्याचे एक अधिकृत व्यासपीठ त्यानंतर आपल्या हाती राहिले नाही. ही हानी मोठी आहे आणि ती सभागृहात बोलली गेली पाहिजे. पण प्रश्नाच्या मसुद्यात केवळ ‘मराठवाड्यावर अन्याय’ असे लिहिल्याने उत्तर मिळत नाही. रिक्त पदांचे प्रमाण किंवा मोठ्या दुरुस्तीच्या खोल्यांचे प्रमाण असा एकच निकष घेऊन विभागनिहाय आकडेवारी मागावी. तुलना उत्तरातच दिसेल आणि पुढचा प्रश्न तिच्यावर उभा राहील.

मंत्र्यांनी सभागृहात ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे सांगितले तर समाधान मानून थांबू नये. असे शब्द आश्वासन म्हणून नोंदले जातात आणि त्यांच्या पूर्ततेचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. कार्यवाहीच्या अहवालातून तो उतारा काढून सदस्यांमार्फत समितीला पत्र द्यावे. पंचायती राज समिती जिल्हा दौऱ्यावर येते तेव्हा जिल्हा परिषदेचे सर्व विभाग आपले कागद नीट लावून बसतात. त्या दौऱ्याच्या आधी आपला तक्ता समितीच्या सदस्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. याशिवाय विनंती अर्ज समिती आहे. तिच्याकडे सदस्यामार्फत नागरिकांचा अर्ज सादर करता येतो, आणि व्यापक लोकहिताच्या विषयासाठी हा मार्ग फारच कमी लोक वापरतात.

एक विनंती आहे. या कामात शिक्षकांना पुढे करू नका. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत आणि वर्तणूक नियमांमुळे लोकप्रतिनिधींकडे मागणी घेऊन जाणे त्यांना अडचणीचे ठरू शकते. त्यांनी नोंदी अचूक भराव्यात आणि मागितलेल्या प्रती द्याव्यात, एवढे पुरे आहे. सह्या पालकांच्याच असाव्यात, आणि शिष्टमंडळात आयाबाया अधिक असाव्यात. आमदारांच्या कार्यालयात पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ रोज येते. आपल्या मुलाच्या वर्गाचा आराखडा हातात घेऊन आलेल्या आईला उत्तर देणे टाळता येत नाही, हे मी पाहिले आहे.

शेवटी आपल्या भागाचा एक स्वतंत्र विषय. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे समग्र शिक्षेतून चालतात, म्हणून त्यांचा प्रश्न शालेय शिक्षण मंत्र्यांना विचारावा लागतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृह योजना मात्र सामाजिक न्याय विभागाची आहे. एकाच प्रश्नात दोन्ही घातले तर कोणताच विभाग पूर्ण उत्तर देणार नाही. हंगामी वसतिगृहाची मागणी मुलांच्या नावनिहाय यादीसह पालक निघण्यापूर्वी गेली पाहिजे, कारण मंजुरी दिवाळीनंतर आली तर मुले तोवर गाव सोडून गेलेली असतात. यंदा आपल्या गावातून किती मुले जाणार आहेत याची यादी आणि आराखड्याचा कच्चा मसुदा तयार झाला की मला दाखवा. मी तो तपासून प्रश्नाचे दोन वेगळे मसुदे करून देईन. मुलांची नावे आणि आधार क्रमांक मात्र त्यातून आधी वगळा.